प्लेगच्या कागदपत्रांतील सेवकवर्गाची मनःस्थिति

इ. स. १८९६ सालीं मुंबईंत उद्भवलेल्या प्लेगासंबंधीं जे सरकारी अहवाल छापले गेले, त्यांत मृतांच्या संख्या, घरांची झडती, जंतुनाशक द्रव्यें व खर्च यांचे तपशील विपुल आहेत. परंतु रोग्यांच्या उशाशीं बसणारे व गल्ल्या झाडणारे यांच्या मनावर काय गुजरलें, यासाठीं त्यांत रकाना नाहीं. तथापि तें वृत्त अजीबात लुप्त झालेलें नाहीं. दुसऱ्याच हेतूनें लिहिलेल्या ओळींत तें विखुरलें आहे. तें कसें वाचावें, याचा विचार प्रस्तुत टिपणांत केला आहे.

मांडवी भागांतील रोग हा प्लेगच होय, हें डॉ. आकासिओ व्हिएगस यांनीं सप्टेंबर १८९६ मध्यें ओळखलें. ६ ऑक्टोबर रोजीं रोग्यांस सक्तीनें वेगळे ठेवण्याचा हुकूम निघाला. इस्पितळांत नेलेला मनुष्य परत येत नाहीं, अशी लोकांची समजूत झाली. आणि २९ ऑक्टोबर रोजीं सुमारें एक हजार गिरणी-कामगारांनीं आर्थर रोड येथील इस्पितळावर हल्ला केला. आंत संसर्गाचें भय, आणि बाहेर ज्यांच्यासाठीं श्रमावयाचें त्यांचाच रोष, अशा कात्रींत तेथील नोकरवर्ग सांपडला होता.

म्युनिसिपल कमिशनर स्नो यांच्या १८९७ च्या अहवालांत दुसरा पुरावा मिळतो. शहराची मैलासफाई करणारे हलालखोर पळून गेले तर मुंबई राहण्यास अयोग्य होईल, अशी धास्ती त्यांस वाटत होती. सक्तीचा हुकूम ऑक्टोबरअखेर सैल करण्याच्या कारणांत हेंही एक होतें. अहवालकारापुढें प्रश्न मजुरांच्या पुरवठ्याचा होता. संशोधकानें मात्र त्याच ओळींत सर्वांत अल्प वेतनाच्या माणसांची भीति वाचली पाहिजे. त्यांच्या भयानें सरकारी धोरण वाकलें, पण त्यांचें नांव कोठें लिहिलें गेलें नाहीं.

तिसरा पुरावा व्हिएन्ना येथील आहे. तेथील विज्ञान-अकादमीनें १८९७ सालीं मुंबईस पाठविलेल्या मंडळांत डॉ. हेर्मान म्युलर होते. परततांना या मंडळानें प्लेगचे जंतु अभ्यासासाठीं सोबत नेले. ऑक्टोबर १८९८ मध्यें प्रयोगशाळेंतील बारिश नांवाचा सेवक त्यांपासून दगावला. त्याचे उपचार करणारे म्युलर २३ ऑक्टोबर रोजीं वारले. पाठोपाठ पेखा ही परिचारिकाही गेली. आपणांस प्लेग झाला आहे, वैद्य पाठवूं नये, अशा आशयाचा कागद म्युलर यांनीं खिडकीच्या आंतून कांचेस लावला, असें तत्कालीन वृत्तांत सांगतात. तरीही त्यांचे मुंबईचे सहकारी डॉ. पोख यांनीं त्यांची शुश्रूषा केली. पुढें म्युलर यांचें स्मारक झालें. त्या परिचारिकेच्या मनाचा मात्र एकही कागद आमच्या पाहण्यांत नाहीं.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येते. साथीच्या दप्तरांस सेवकांचे दोनच वर्ग ठाऊक आहेत : वीर आणि पळपुटे. वीराच्या चरित्रांतून भीति गाळली जाते. पळपुट्याच्या नोंदींत भीतीवांचून दुसरें कांहीं उरत नाहीं. वस्तुतः एकाच माणसाच्या ठायीं सकाळीं कर्तव्य व रात्रीं धसका, दोन्ही नांदतात.

कायद्याचा इतिहासही हेंच सांगतो. १८९७ च्या साथरोग कायद्यानें सद्बुद्धीनें काम करणाऱ्यांस दाव्यांपासून अभय दिलें. हल्ला व छळ यांपासून आरोग्यसेवकांचें रक्षण करणारीं कलमें त्यांत २२ एप्रिल २०२० च्या वटहुकुमानें, म्हणजे १२३ वर्षांनीं, आलीं. त्याच वर्षीं या सेवकांस ‘कोरोना योद्धे’ ही पदवी मिळाली. ती गौरवाची खरी. पण योद्ध्यास ‘मला झोंप येत नाहीं’ असें म्हणणें अवघड जातें.

म्हणून संग्राहकांस विनंति अशी कीं, जुन्या वैद्यांच्या, दायांच्या व इस्पितळाच्या नोकरांच्या घरीं दप्तरें चाळतांना केवळ प्रशस्तिपत्रें व पदकें उचलूं नयेत. रजेचे व बदलीचे अर्ज, राजीनाम्यांचे मसुदे, औषधांच्या वहींत कडेला खरडलेल्या ओळी, घरीं धाडलेलीं पत्रें, हींच या विषयाचीं अस्सल साधनें होत. २०२० सालचीं अशीं पत्रें तर बहुधा कागदावर उतरलींच नाहींत. तीं ज्यांच्यापाशीं आहेत ते अद्याप हयात आहेत, तोंच त्यांस विचारून घ्यावें.