शिकलगाराची पेटी

गेल्या वर्षी नववीच्या वर्गाला मी एक गृहपाठ दिला होता. आपापल्या आडनावाचा अर्थ घरी विचारून यायचा. मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे असले उद्योग करायला मला आवडतं. दुसऱ्या दिवशी मुलं एकेक करून उभी राहिली. मुजावर, अत्तार, बागवान, इनामदार, तांबोळी. मग एका मुलाची पाळी आली. आडनाव शिकलगार. तो खाली बघत म्हणाला, “सर, चाकू-सुरीला धार लावणारे.” मागच्या बाकावरून कुणीतरी धारवाल्याची हाळी दिली आणि वर्ग हसला.

मी मुलांना दटावलं आणि पुढच्या आडनावाकडे वळलो. जे सांगायला हवं होतं ते सांगितलं नाही. माझे नाना, म्हणजे अम्मीचे वडील, शिकलगार होते.

हे मी वर्गातच लपवलं असंही नाही. बी.एड.ला असताना एका मुलाखतीत घरच्यांविषयी विचारलं, तेव्हा “आजोळी हार्डवेअरचा व्यवसाय” असं मी सांगितलं होतं. हार्डवेअर होतंच म्हणा. सायकलवर बसवलेली एक सहाण आणि हत्यारांची एक पेटी.

ती पेटी यंदा मे महिन्यात माझ्याकडे आली. मिरजेहून मामूंचा फोन आला, “घर पाडायला काढलंय. भंगारवाला उद्या येतोय. नानांच्या पेटीतलं काही हवं असेल तर येऊन घेऊन जा.” मी गेलो. पत्र्याची पेटी उघडली तर आत नीट म्हणावं असं एकही हत्यार नव्हतं. दाते गेलेल्या सात-आठ कानशी, हॅक्सॉच्या तुटक्या पात्या, तोंड फाकलेले पाने, टोक पिळलेले स्क्रू ड्रायव्हर, धार न धरणारी एक स्वस्तातली पटाशी. भंगारवाल्याने पेटी उचलून वजनाचा अंदाज घेतला आणि भाव सांगितला. मी म्हटलं, “थांबा जरा.”

झिजलेल्या हत्याराचं दुसरं काम

लहानपणी सुट्टीत मी नानांच्या शेजारी बसायचो. त्यामुळे पेटीतली बरीचशी हत्यारं मला ओळखू आली. ती टाकून दिलेली नव्हती. त्यांना दुसरं काम मिळालेलं होतं.

कानशीचंच बघा. नवी कानस नाना आधी पितळेवर वापरत, कारण पितळेवरून बोथट दाते नुसते घसरतात. थोडी झिजली की ती लोखंडावर येई. लोखंडावर चालेनाशी झाली की लाकडावर आणि शिंगावर. अगदीच थकली की दात्यांच्या फटींत अडकलेला कीस ब्रशने काढून तिला बॅटरीच्या पातळ केलेल्या ॲसिडात ठेवत. ॲसिड फटींमधलं लोखंड खातं आणि दात्यांना पुन्हा थोडं टोक येतं. मग सोड्याच्या पाण्यात धुऊन, तेल पुसून ठेवायची. असं आणखी काही महिने निघत.

त्यानंतर कानस ही कानस राहत नसे. ती फक्त पोलाद असे, आणि ते चांगलं पोलाद असे. कानशीत कार्बनचं प्रमाण एक टक्क्याच्या वर असतं, साध्या लोखंडी सळईत ते पाव टक्क्याच्या आसपास. धार धरायची ताकद या फरकातून येते. नाना कानस भट्टीत लाल करत आणि राखेत पुरून रात्रभर हळूहळू निवू देत. सकाळी ती मऊ झालेली असे, तिला हवा तो आकार देता येई. मग पुन्हा लाल तापवायची, चुंबक चिकटेनासं होईपर्यंत, आणि तेलात बुडवायची. याला आपल्याकडे ‘पाणी देणं’ म्हणतात. पण नुसतं पाणी दिलेलं पातं काचेसारखं फुटतं. म्हणून ते घासून चकचकीत करायचं आणि पुन्हा हलक्या आचेवर धरायचं. धातूवर वाळलेल्या कडब्यासारखा पिवळा रंग चढला की सुरीसाठी थांबायचं. हातोड्याचे घाव खाणाऱ्या छिन्नीसाठी आणखी पुढे, जांभळट छटा येईपर्यंत. हे सगळं ते सावलीत बसून करत, कारण उन्हात रंग फसवतो.

पेटीतल्या एका तिधारी कानशीचे तिन्ही बाजूंचे दाते सहाणेवर उतरवलेले होते. तिने ते ऑइल इंजिनाच्या बेअरिंगमधला पांढरा धातू खरवडून देत. आमच्या भागात विहिरींवर ही इंजिनं होती तोवर हे काम भरपूर होतं. हॅक्सॉच्या जाड पातीची रापी झाली होती, मुठीला सुतळी गुंडाळून. चप्पल शिवणारे तसल्या रापी त्यांच्याकडून घेऊन जात.

ही झाली झिजलेल्या चांगल्या हत्यारांची गोष्ट. मुळातच हलक्या हत्यारांचं काय? ते ओळखायला नाना सहाणेवरच्या ठिणग्या बघत. चांगल्या पोलादाची ठिणगी फुलबाजीसारखी फुटते, तिला फाटे येतात. हलक्या लोखंडाची ठिणगी लांब आणि सरळ जाते. काही स्वस्त कानशी वरून कडक आणि आतून मऊ निघत, त्यांची सुरी करण्यात अर्थ नसे. पण म्हणून त्या फेकायच्या नाहीत. मऊ लोखंड वाकतं, हाच त्याचा गुण. त्याचे आकडे होत, कुऱ्हाडीच्या दांड्यात ठोकायच्या पाचरी होत. ती धार न धरणारी पटाशी सरस खरवडायला आणि रंगाचे डबे उघडायला होती. म्हणजे चांगल्या पटाशीला ती कामं करावी लागत नसत. टोक पिळलेला स्क्रू ड्रायव्हर घासून त्याचा टोच्या केला होता.

नाना घरात दखनी बोलत. ते म्हणत, “अवजार थकता, मरता नै.” पण हत्यार थकलंय हे ओळखायलाही त्यांनी शिकवलं. तोंड फाकलेला पाना नटावर पुन्हा लावायचा नाही, तो सटकतो आणि बोटं सोलतो. कानशीने कधी काही उचकटायचं नाही. हे मी एकदा विसरलो. खोक्याची फळी उचकटताना कानस काडकन मोडली आणि तुकडा भुवईवर लागला. खूण अजून आहे. नाना रागावले नाहीत. त्यांनी मोडलेले दोन्ही तुकडे गोळा केले, मोठ्याचं खुरपं केलं आणि छोट्याची सुपारी सोलायची सुरी. ती सुरी अम्मीकडे आजही आहे.

शब्दाच्या आत

शिकलगार हा शब्द मूळचा ‘सैकलगर’. अरबीत ‘सैकल’ म्हणजे धातू घासून झळाळी देणारा. फारसी आणि उर्दूत ‘सैकल’चा अर्थ ती झळाळी असा झाला आणि त्याला ‘गर’ म्हणजे करणारा हा प्रत्यय लागला. दख्खनमध्ये येता येता त्याचा शिकलगार झाला. म्हणजे शब्दात धार नाही, झळाळी आहे.

ही झळाळी शोभेची नव्हती. हिंदुस्थानी पोलादाच्या तलवारीवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी असते, तिला ‘जौहर’ म्हणत. ती पात्यात असतेच, पण घासल्याशिवाय दिसत नाही. माणसाचे जौहर दिसले असं आपण उर्दूत म्हणतो, ते शिकलगाराच्या कामाशी नातं सांगतं. मराठीत मोत्याला आबदार म्हणतात. ‘आब’ म्हणजे पाणी, आणि तलवारीला दिलेलं पाणीही तेच. पूर्वी आरसेसुद्धा धातूचे असत आणि ते गंजत. सूफी कवींनी मनाला आरसा म्हटलं आणि त्यावरचा गंज काढण्याला ‘सैकल’ म्हटलं, ते या कारागिराकडे बघून.

नवव्या शतकात बगदादचा तत्त्वज्ञ अल-किंदी याने खलिफा मुअतसिमसाठी तलवारींवर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्याने तलवारींची वर्गवारी केली आहे. वरचा दर्जा ‘अतीक’, खालचा ‘मुहदस’. शब्दशः अतीक म्हणजे जुनी आणि मुहदस म्हणजे नवी. पण अल-किंदी स्पष्ट करतो की इथे वयाचा संबंध नाही. अतीक म्हणजे ज्या पात्याचे गुण खानदानी आहेत ते, मग ते कालचं का असेना. आणि ज्यात ते गुण नाहीत ते कितीही जुनं असलं तरी अतीक नाही. हिंदी तलवारींना त्याने अतीकमध्ये जागा दिली आहे. मला हा भाग वाचताना नानांची ठिणगी आठवते. हत्याराचं वय आणि हत्याराची जात, दोन्ही बाजूला ठेवून आत काय आहे ते बघायचं.

तलवार गेली, हात उरले

आदिलशाहीपासून मराठेशाहीपर्यंत दख्खनमध्ये या कारागिरांना काम होतं. अरबीत ‘सिलाह’ म्हणजे शस्त्र. त्यावरून शस्त्रागाराला शिलेखाना म्हणत, आणि स्वतःचं शस्त्र व घोडा घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार. शिलेदाराच्या पराक्रमावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं. त्याची तलवार म्यानातून सुटावी म्हणून जो ती घासत होता, त्याच्यावर फार थोडं.

मग कंपनी सरकारने हत्यारं काढून घ्यायला सुरुवात केली. १८५७ मध्ये निःशस्त्रीकरणाचा कायदा आला. दक्षिण मराठा मुलखात, मुधोळ संस्थानातल्या हलगली गावच्या बेरडांनी हत्यारं द्यायला नकार दिला, तेव्हा त्या नोव्हेंबरात गावावर फौज घातली गेली आणि अनेकांना फासावर चढवलं गेलं. पुढे १८७८ मध्ये लिटनच्या काळात आर्म्स ॲक्ट झाला आणि हत्यार बाळगायला परवाना लागू लागला. युरोपियनांना त्यातून सूट होती. या कायद्याचा इतिहास आपण राजकीय अंगाने शिकतो. पण ज्याचं पोट तलवारीवर होतं, त्याचं काय झालं?

तो रस्त्यावर आला. शब्दशः. लाख आणि कुरुंदाच्या भुकटीची सहाण घेऊन तो दारोदार फिरू लागला. तलवारीऐवजी विळी, जमदाढीऐवजी अडकित्ता, वस्तरा, शिंप्याची कात्री. राज्य सरकारच्या भटक्या जमातींच्या यादीत घिसाडी आहेत, तसे शिकलगारही आहेत. एका शस्त्रागाराचा कारागीर भटक्यांच्या यादीत कसा आला, याचं उत्तर या कायद्यांतही शोधायला हवं.

पण सगळेच सहाणेवर थांबले नाहीत. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात, पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने, शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब तंतुवाद्यांच्या दुरुस्तीकडे आणि मग ती बनवण्याकडे वळले. त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी सितारमेकर हे नावच घेतलं. पंढरपूर भागातले मोठे भोपळे, तुणीचं लाकूड आणि धातूवर तयार झालेले हात. मिरजेचा तंबोरा त्यातून देशभर गेला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. जिथे उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे, त्या मीरासाहेब दर्ग्याच्या आसपासच ही दुकानं आहेत.

तंबोऱ्याचा तो भरीव, झणकारणारा स्वर ‘जवारी’तून येतो. तारा ज्या घोडीवर टेकतात, तिचा माथा अगदी किंचित घासून जवारी काढतात. तिथे चावरी, नवी कानस चालत नाही, एक जास्तीचा हात आणि स्वर गेला. नानांच्या झिजलेल्या बारीक कानशींना त्या गल्लीत गिऱ्हाईक होतं. पितळ, लोखंड, शिंग असा प्रवास करून थकलेली कानस शेवटी षड्जाच्या कामी येई. मला लहानपणी त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. मला बदल्यात मिळणाऱ्या गोळ्या-बिस्किटांत जास्त रस होता.

असं इतरत्रही झालं आहे. मेरठची कात्री घ्या. बसच्या आणि रेल्वेच्या भंगारातल्या पोलादाची पाती, त्यावर पिढ्यान्‌पिढ्या राबणारे बहुतांश मुसलमान कारागीर. तिलाही २०१३ मध्ये मानांकन मिळालं. आमच्याकडचे ऊसतोडीचे कोयतेही ट्रकच्या जुन्या पाट्यांचे असतात. मोडीतलं पोलाद आणि मोडीत काढलेले कारागीर यांनी एकमेकांना सांभाळलेलं दिसतं.

आपल्या समाजात यावर बोलायला अडचण होते. आपण वंशावळी सांगतो त्या अरबस्तान आणि इराणपर्यंतच्या. सय्यद, शेख, पठाण म्हणवून घेण्यात आपल्याला रस असतो. शिकलगार, पिंजारी, मोमीन, कसाई यांचं नाव निघालं की आवाज खाली येतो. बंधुभावावर जुम्म्याला बयान ऐकून आलेली माणसं सोयरिकीच्या वेळी पहिला प्रश्न बिरादरीचा विचारतात. आणि हे मी दुसऱ्यांना सुनावतोय असं नको. मुलाखतीत हार्डवेअरचं दुकान काढणारा मीच.

भंगारवाल्याला मी फाकलेले पाने आणि एक फुटका हातोडा दिला. तो हातोडा खरंच धोक्याचा होता. बाकी पेटी एसटीने घरी आणली.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. तोच वर्ग आता दहावीत आहे. पहिल्या तासाला मी तिधारी कानस, रापी आणि अम्मीकडून मागून आणलेली सुपारीची सुरी टेबलावर ठेवली. फळ्यावर एका बाजूला उर्दूत सैकलगर लिहिलं, दुसऱ्या बाजूला मराठीत शिकलगार. मग सांगितलं, ही माझ्या नानांची हत्यारं. ते शिकलगार होते.

तो मुलगा मागून उठून पुढे आला. सुरीच्या धारेवर त्याने अंगठा आडवा फिरवला, जसा माहितगार माणूस फिरवतो तसा. म्हणाला, “सर, धार गेलीये. दादाजींकडे नेऊ का?”

मी सुरी कागदात गुंडाळून त्याच्याकडे दिली.