पंप बदलला, दिवा बदलला : ‘किरकोळ काम’ नक्की कोणतं?

देवनारकरांनो, आज थोडा इतिहास. विषय मात्र आपल्याच सोसायटीतला आहे.

चेंबूर-देवनार पट्ट्यात टॉवर आले आणि काहींच्या आवारात पोहण्याचे छोटे तलावही आले. तलाव म्हटला की फिल्टरचा पंप, टायमर, पाण्याखालचे दिवे. त्यातलं काही बिघडलं की वाद ठरलेला. कमिटी म्हणते, “किरकोळ काम आहे, नेहमीचा वायरमन करेल.” एखादे काका म्हणतात, “परवाना कुठाय?” मग कुणीतरी इन्स्पेक्टरचं नाव काढून घाबरवतं.

हा वाद जुना आहे. विजेचा धंदा मुंबईत खासगी कंपन्यांनी सुरू केला. शहरात 1905 ची ट्रामवाली कंपनी, म्हणजे आजची बेस्ट. उपनगरात 1929 पासून बीएसईएस. वीज विकणारा आणि घेणारा यांच्यात तिसरा कुणीतरी हवा होता. म्हणून 1910 च्या कायद्यात सरकारी विद्युत निरीक्षक आला. तो कंपनीचा नोकर नव्हता आणि ग्राहकाचाही नव्हता. मीटर बरोबर की चूक, याचा निवाडासुद्धा तेव्हा त्याच्याकडेच होता.

पुढे 1956 चे नियम आले. त्याच सुमारास शेजारी ट्रॉम्बेला टाटांचं वीजकेंद्र सुरू झालं. या नियमांतला नियम 45 आपल्या वादाचं मूळ आहे. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरण बदलायला परवाना नको, पण एका अटीवर : त्या बदलाने जोडणीची क्षमता किंवा स्वरूप अजिबात बदलता कामा नये. बाकी सगळं काम, अगदी दुरुस्तीसुद्धा, परवानाधारक ठेकेदाराकडून, प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या तारतंत्र्याच्याच हातून.

म्हणजे काम किरकोळ आहे की नाही, हे खर्चावरून ठरत नाही. पाचशे रुपयांत नवीन वायर ओढली तर स्वरूप बदललं. एक हॉर्सपॉवरच्या जागी दोनचा पंप बसवला तर क्षमता बदलली. पाण्यातला 12 व्होल्टचा दिवा काढून तिथे थेट 230 व्होल्टचा लावला, तर तो “फक्त दिवा बदलला” राहत नाही. प्रत्यक्ष पाण्यातल्या दिव्याला 12 व्होल्ट एसीच्या वर जायचं नाही, असं मानक सांगतं. कारण साधं आहे : ओल्या अंगाचा विरोध कमी, आणि पाण्यातल्या माणसाला झटका बसला की हात-पाय चालत नाहीत.

याच नियमांत ग्राहकाच्या बाजूचाही एक नियम होता, 52 वा. जोडणी सदोष आहे म्हणून कंपनीने वीज नाकारली, तर ग्राहकाने निरीक्षकाकडे अपील करायचं. त्याने तपासून दोष नाही म्हटलं, की कंपनीला 24 तासांत वीज द्यावी लागे. ज्याच्या नावाने आपण घाबरतो, तो मुळात दाद मागायची जागा होता!

2003 चा कायदा आला आणि बिलाच्या तक्रारी ग्राहक मंच व लोकपालाकडे गेल्या. निरीक्षकाकडे सुरक्षा आणि अपघाताची चौकशी राहिली. त्याचा निर्णय पटला नाही तर कलम 162 खाली वर अपील करता येतं. बिलावरचं नाव बीएसईएसचं रिलायन्स झालं, 2018 मध्ये अदानी झालं, पण निरीक्षक राज्य सरकारचाच राहिला.

गळतीला वीज तोडणारं यंत्र आधी 5 किलोवॅटपासून सक्तीचं होतं, नंतरच्या नियमांनी ते 2 किलोवॅटवर आणलं. मात्र ठरावीक व्होल्टेजपर्यंतची तपासणी आता मालकानेच करून प्रमाणित करायची, अशी सोयही पुढे झाली. सोसायटीत मालक म्हणजे कोण? तुम्ही-आम्हीच. इन्स्पेक्टर येईल आणि बघेल, ही आशा सोडा.

म्हणून पुढच्या सर्वसाधारण सभेत तीनच गोष्टी मागा : ठेकेदाराचा परवाना क्रमांक, कामानंतरचा सही केलेला टेस्ट रिपोर्ट, आणि पंपरूममधलं आरसीसीबी बटण दाबून सर्वांसमोर ट्रिप करून दाखवणं. शेवटच्याला एक मिनिट लागतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत तलावात उतरणारी पोरं आपलीच आहेत.

तुमच्या सोसायटीत हे शेवटचं कधी तपासलं? खाली लिहा.