नारिंगी पट्ट्याचं पिंप

परवा शनिवारी व्हिएतनाम युद्धावर वाचत बसलो होतो. लढाया राहिल्या बाजूला, मी अडकलो एका पिंपापाशी. २०८ लिटरचं पिंप आणि त्यावर नारिंगी पट्टा. म्हणून आतल्या तणनाशकाचं नाव एजंट ऑरेंज!

जंगलात लपलेला शत्रू दिसावा म्हणून अमेरिकेने १९६२ ते १९७१ या काळात व्हिएतनामवर सुमारे ७ कोटी लिटर तणनाशकं फवारली. त्यात निम्म्याहून जास्त एजंट ऑरेंज. ते बनवताना त्यात डायॉक्सिन तयार व्हायचं आणि खरं विष तेच.

सैनिक घरी परतले. काही वर्षांनी कुणाला कॅन्सर, कुणाला त्वचारोग. अपंगत्वाची पेन्शन मागायला गेले की उत्तर एकच, 'सिद्ध करा'. आता मला सांगा, कुठल्या दिवशी अंगावर किती फवारा पडला याची नोंद कोण ठेवतं? टेस्टरने बग दाखवला की आम्ही म्हणतो ना, "माझ्या मशीनवर तर चालतंय," त्यातलाच प्रकार. फक्त इथे समोर आजारी माणूस होता.

१९८४ मध्ये रसायन कंपन्यांनी दोष कबूल न करता १८ कोटी डॉलर देऊन सैनिकांचा खटला मिटवला. ॲडमिरल झुमवॉल्ट यांनी आपले नौसैनिक वाचावेत म्हणून नदीकाठी फवारणी करवली होती. त्याच नद्यांत बोट चालवणारा त्यांचा मुलगा १९८८ मध्ये कॅन्सरने गेला. पुढे १९९० मध्ये त्याच ॲडमिरलनी सैनिकांच्या बाजूने सरकारला अहवाल दिला.

१९९१ च्या कायद्याने मग डिफॉल्टच बदलला. तुम्ही त्या काळात व्हिएतनाममध्ये होतात? मग विषाशी संपर्क आला असं गृहीत. आजार यादीत आहे? मग तो सेवेमुळेच झाला असं गृहीत. पुरावा मागणं बंद.

पण यादी मुंगीच्या पावलाने वाढली. मधुमेह २००१ मध्ये आला. किनाऱ्याजवळच्या जहाजांवरच्या नौसैनिकांसाठी २०१९ चा कायदा लागला आणि उच्च रक्तदाबासाठी थेट २०२२ चा. १९६८ मध्ये विशीत असलेला पोरगा तोवर चौऱ्याहत्तरीचा झाला होता, जगला असेल तर.

आणि ज्यांच्या शेतावर हे पडलं ते व्हिएतनामी लोक? कंपन्यांवरचा त्यांचा दावा अमेरिकन कोर्टाने २००५ मध्ये फेटाळला. त्यांच्यासाठी डिफॉल्ट बदललाच नाही.

असो. नारिंगी पट्टा मात्र डोक्यातून जात नाहीये.