देवाचे राज्य आणि देवाचा दरबार

महूच्या पुढे, आग्रा-मुंबई रस्त्यावर वसलेले मानपुर हे एक लहानसे गाव. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भोवती संस्थानांचा मुलूख पसरलेला असताना हा परगणा मात्र थेट ब्रिटिश अंमलाखाली होता. थोडी वाट चालली की राज्य बदले. याच मुलखात, इंदुरास, १८७७ मध्ये कॅनडातील प्रेस्बिटेरियन मिशनची स्थापना झाली आणि एका निराळ्याच राज्याची वार्ता लोकांच्या कानी पडू लागली. भर रस्त्यात धर्मोपदेश करण्यावरून मिशनरी व होळकर दरबार यांच्यात खटके उडाले. दरबाराला आपल्या हद्दीची चिंता होती. उपदेशक ज्या राज्याविषयी बोलत होते त्याला हद्दच नव्हती.

हे राज्य आले आहे की यावयाचे आहे, हा ख्रिस्ती धर्मविचारातील एक जुना व अवघड प्रश्न होय. शुभवर्तमानांत दोन्ही प्रकारची वचने आढळतात. येशूने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेत राज्य येण्याची याचना आहे. अर्थात ते अजून पूर्णपणे आलेले नाही. उलट लूककृत शुभवर्तमानात परूश्यांना मिळालेले उत्तर असे, की ते राज्य त्यांच्यामध्येच आहे. मोहरीचा दाणा व पिठात मिसळलेले खमीर हे दृष्टान्त या दोन टोकांना जोडतात: आरंभ झालेला आहे, परंतु तो डोळ्यांत भरत नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही केवळ भूप्रदेश असा नसून राजाची सत्ता चालणे असा आहे. मराठीत ‘राज्य’ म्हटले की मुलूख डोळ्यांपुढे येतो, हा भाषेचा दोष नव्हे. पण अर्थाची ओढ मात्र त्यामुळे बदलते.

नारायण वामन टिळकांनी या ठिकाणी निराळा शब्द योजिला, तो ‘दरबार’. १८९५ मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेतलेले टिळक पुढे अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करीत. ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे होते. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, ही त्यांची भावना सर्वश्रुतच आहे. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली व साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांचा तो बंधुसंघ व्हावा, हा त्यांचा संकल्प होता.

येथेच खरी अडचण उभी राहिली. बाप्तिस्मा हे मंडळीचे प्रवेशद्वार. मग त्याविना बंधुसंघात बसणाऱ्याचे स्थान कोणते? ही शंका क्षुद्र नव्हती. बाप्तिस्म्यापायी ज्यांनी घरदार व जात गमावली होती, त्यांच्या त्यागाचे मोलच यात पणाला लागत होते. स्वतः टिळकांनीही ते मोल चुकविले होते. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या व १९०० मध्ये ख्रिस्ती झाल्या. तरीही राज्याची हद्द मंडळीच्या हद्दीहून मोठी आहे, असे त्यांना वाटले. दरबारात आजच जावयाचे असते, ही गोष्ट त्यांच्या शब्दाने सुचविली. मात्र शब्दाला दुसरी बाजूही आहे. दरबार राजाचा असतो, दरबाऱ्यांचा नव्हे. तो भरविला म्हणून राज्य पूर्ण झाले असे होत नाही.

युरोपात हा वाद विद्वानांनी पुष्कळ काळ चालविला. श्वाइट्झर यांनी १९०६ च्या ग्रंथात येशूची दृष्टी निकटच्या भविष्यावर होती असे प्रतिपादिले. डॉड यांनी १९३५ मध्ये ते राज्य येशूच्या कार्यातच अवतरले असा पक्ष मांडला. ऑस्कर कुलमान यांनी १९४६ मध्ये युद्धाचा दाखला दिला: निर्णायक लढाई जिंकली गेली आहे, विजयदिन मात्र अजून उगवावयाचा आहे. मराठी वाचकाला याहून जवळचा दाखला वारीचा वाटेल. पहिल्या पावलापासून विठ्ठल वारकऱ्याच्या मुखी असतो, तरी पंढरपूर पुढेच असते. टिळकांच्या घडणीत ही वाट किती खोल होती, हे त्यांचे अभंग वाचताना जाणवते.

९ मे १९१९ रोजी मुंबईस टिळक निवर्तले तेव्हा दरबाराला पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. एका व्यक्तीच्या तेजावर उभ्या राहिलेल्या संस्थेचे जे होते तेच त्याचे झाले. संस्था म्हणून तो फार काळ टिकला नाही. ‘ख्रिस्तायन’ या त्यांच्या महाकाव्याचेही थोडेच अध्याय लिहून झाले होते. शालेय शिक्षण न लाभलेल्या लक्ष्मीबाईंनी उरलेले अध्याय लिहून ते काव्य पूर्ण केले.