नावडतीचं मीठ: ‘रोडगा’ ते ‘वाळवी’

ब्लॅक कॉमेडी म्हटलं की आपल्याला आधी परदेशी सिनेमे आठवतात. त्यातली स्वार्थी, खोटारडी, प्रसंगी खुनी बाई आपण इतक्या आवडीनं का बघतो, या प्रश्नावर संशोधन करायचं असेल तर माझं सांगणं एकच: पहिलं प्रकरण पैठणपासून सुरू करा. आमच्या देवळाली प्रवराच्या नावातली प्रवरा प्रवरासंगमला गोदावरीला मिळते आणि तेच पाणी पुढे पैठणच्या नाथसागरात जातं. हा जलाशय ज्यांच्या नावानं ओळखला जातो त्या संत एकनाथांनी (१५३३–१५९९) अशी एक बाई लिहून ठेवली आहे.

सोळाव्या शतकातली सून

हे रोडग्याचं भारूड तुम्ही ऐकलं असेलच. एक सून भवानीआईला नवस बोलते. सासरा परगावी गेलाय, तो तिकडेच संपावा. सासूचा लवकर निकाल लागावा. तोंडाळ जाऊ विधवा व्हावी. नणंदेच्या किरकिऱ्या पोराला खरूज व्हावी. शेवटी नवराही जावा आणि हिला एकटीला राहू द्यावं. बदल्यात देवीला काय, तर एक रोडगा. म्हणजे विस्तवावर भाजलेला कणकेचा जाड गोळा!

विनोद या हिशेबात आहे. अख्खं घर एका रोडग्याच्या भावात. त्यातही पोराला मरण नाही, फक्त खरूज. म्हणजे रागालाही तिच्याकडे माप आहे. ती गरीब गाय नाही आणि तिला आपली सहानुभूतीही नकोय.

भारुडाचा आध्यात्मिक अर्थ कीर्तनकार सांगतातच: ही नाती म्हणजे विकार आणि मोह, ते गेले की जीव एकटा, मोकळा होतो. हा अर्थ ओढूनताणून लावलेला नाही, रचनेतच आहे. पण ऐकताना क्रम बघा. हसू आधी येतं, अर्थ मागून येतो. शिवाय परंपरेनं हे सोंग पुरुषच लुगडं नेसून करायचे. म्हणजे त्या हसण्याला दोन परवानग्या होत्या, एक अध्यात्माची आणि एक सोंगाची.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला इथे प्रश्न सापडतो. नावडती बाई प्रत्येक काळात होती. तिच्यावर हसायची परवानगी त्या त्या काळी कोण देत होतं?

परवानगी नसेल तर?

विजय तेंडुलकरांचं ‘गिधाडे’ १९७० साली डॉ. श्रीराम लागूंनी रंगभूमीवर आणलं. त्यातली माणिक दारू-सिगारेट पिते, बापाच्या पैशांसाठी भावांच्या कटात सामील होते आणि पुढे त्याच भावांच्या क्रौर्याची बळी ठरते. या घरातली भांडणं ऐकताना हसू येतं आणि लगेच त्या हसण्याची लाज वाटते. इथे ना अध्यात्म होतं ना सोंग. परिनिरीक्षण मंडळाशी संघर्ष झाला. माणिकच्या साडीवरच्या रक्ताच्या लाल डागावर आक्षेप आला. मग डाग निळा केला गेला आणि तो लाल समजावा, असं प्रेक्षकांना आधी सांगितलं गेलं. मंडळाचा आदेश पाळून त्याचंच हसं केलं गेलं!

सिनेमानं मात्र बराच काळ सोपा रस्ता धरला. येवल्यात जन्मलेल्या ललिता पवारांची खाष्ट सासू गाजली, पण तिचा आपण राग राग करायचा, तिच्या बाजूनं विचार करायचा नाही. १९९१च्या ‘माहेरची साडी’त सून इतकी सोशिक की प्रेक्षक रडून बाहेर पडले. रोडग्यावालीचंच हे घर, फक्त तिच्या तोंडातले शब्द काढून घेतलेले.

ते शब्द अलीकडे परत आले. पुण्यात घडणाऱ्या ‘अंधाधुन’मध्ये (२०१८) तब्बूची सिमी एका खुनातून दुसऱ्यात शिरते. परेश मोकाशींच्या ‘वाळवी’त (२०२३) प्रियकराच्या बायकोचा काटा काढायच्या कटात दंतवैद्य देविका बरोबरीनं सामील आहे. बेत फसत जातो तसे आपण तिच्याबरोबर घाम पुसतो. ती सापडू नये, असं आपल्याला वाटायला लागतं. खलनायिका आणि ब्लॅक कॉमेडीतली बाई यांच्यात हाच फरक. ‘वाळवी’ला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. आता परवानगी सिनेमाचा प्रकारच देतो.

मग आकर्षण कशात?

माझं म्हणणं असं: ‘नावडतीचं मीठ अळणी’ म्हणतात. चांगल्या बाईकडून सगळे जण सतत काहीतरी मागत असतात. नावडतीला कुणाचं मन राखायचंच नसतं, म्हणून ती जे मनात आहे ते बोलते. घरात जी गोष्ट कुणी उच्चारत नाही, ती तिच्या तोंडून ऐकताना सुटका झाल्यासारखं वाटतं. सुटका आणि भीती एकत्र आली की हे असलं हसू फुटतं.

म्हणून एक धोका टाळा. प्रबंध लिहिताना अशा बाईला वाचवायची घाई होते. ‘ती मुळात पीडित आहे’, ‘ती बंडखोर आहे’, ‘ती प्रतीक आहे’. यातलं काही खरंही असेल, पण तिला गोड करून घेतलं की प्रेक्षक का हसला हा मूळ प्रश्न हातातून निसटतो. उलट तिला गोड करायची धडपड कोणत्या काळात कोणी केली, याची नोंद ठेवा. कीर्तनकाराचं निरूपण, परिनिरीक्षण मंडळाची काटछाट, आजचं सिनेपरीक्षण ही सगळी तुमची साधनंच आहेत.

आणि जमलं तर गावच्या सप्ताहात भारूड ऐकायला जा. वही सोंगाकडे नको, श्रोत्यांकडे वळवा. सासूवरच्या कडव्याला कोण मोठ्यानं हसतं, कोण पदर तोंडाला लावून हसतं आणि कोण आधी शेजारी बघतं, ते लिहून घ्या.