चुलवाणाचा धूर आणि शेजारची वस्ती: दौंड-शिरूरच्या गुऱ्हाळांचा पूर्वेतिहास

दौंड तालुक्यात केडगाव, यवत, पाटस या भागांत गुऱ्हाळे दाटीने उभी राहिली, त्याचे मूळ मुठा नदीच्या पाण्यात आहे. खडकवासल्याचे धरण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाल्यावर मुठा उजवा कालवा पाटसपर्यंत पोचला आणि ज्वारी-बाजरीवर भागवणाऱ्या या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात ऊस आला. स्वातंत्र्यानंतर नवा कालवा इंदापूरकडे गेला, तर शिरूरच्या बाजूला घोड आणि चासकमान प्रकल्पांच्या पाण्याने तेच घडवले.

जुने गुऱ्हाळ उसाच्या फडालगतच मांडले जाई. बैलांच्या चरकातून निघालेला रस काहिलीत, म्हणजे रुंद उथळ कढईत, ओतला जाई आणि तिच्याखालच्या चुलवाणात, म्हणजे जमिनीत खोदलेल्या मोठ्या चुलीत, चिपाड व पाचट जाळले जाई. चिपाड म्हणजे रस काढल्यावर उरलेला उसाचा चोथा आणि पाचट म्हणजे उसाचा वाळलेला पाला. आच राखणारा जळव्या आणि रसाचा पाक ओळखणारा गुळव्या यांच्या कसबावर ढेपेचा रंग ठरे. चिपाड उन्हात नीट वाळले नसेल तर धूर दाट होई, कारण ओल्या इंधनाची बरीच उष्णता आधी पाणी उडवण्यातच खर्ची पडते. तरीही हा धूर सोसला जाई, कारण हंगाम थोड्या महिन्यांचा असे, इंधन त्याच शेतातले असे, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वाट्याला ताजा रस, काकवी व गरम गूळ येई. आज ज्याच्या फडाचे गाळप, उद्या त्याचा शेजारी तेथेच आपला ऊस आणणार, अशी ही देवघेव होती.

पुढे यंत्राचे चरक आले, गुऱ्हाळे विकत घेतलेल्या उसावर चालू लागली, हंगाम लांबला आणि वस्ती रस्त्याकडेला वाढत गुऱ्हाळांना भिडली. धुराडे उंच केल्याने हवेची ओढ सुधारते व ज्वलन बरे होते. मात्र ठेंगण्या धुराड्याचा धूर वारा पडल्यावर शेजारच्या अंगणातच उतरतो. याहून गंभीर बदल इंधनाचा झाला. चिपाड अपुरे किंवा ओले असताना काही ठिकाणी टाकाऊ प्लास्टिक, रबर, जुने टायर चुलवाणात जाऊ लागले, आणि दौंड तालुक्यातील तक्रारींचा रोख प्रामुख्याने यावरच राहिला. तो रास्त आहे: अशा ज्वलनातून डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये निर्माण होऊ शकतात, आणि या धुराच्या मोबदल्यात शेजाऱ्याला पूर्वीच्या देवघेवीतले काहीच मिळत नाही.

तक्रारीची कायदेशीर वाट जुनी आहे. भारतीय दंड संहितेने 1860 मध्येच हवा आरोग्यास अपायकारक करणे हा गुन्हा ठरवला होता; 1981 च्या वायुप्रदूषण कायद्याने महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे देखरेख आली. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 133 अन्वये, आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 अन्वये, कार्यकारी दंडाधिकारी असा व्यवसाय बंद करण्याचा, हलवण्याचा किंवा नियमित करण्याचा सशर्त आदेश देऊ शकतात, ज्यावर गुऱ्हाळवाल्याला आपले म्हणणे मांडता येते. त्यासाठी उपद्रव सार्वजनिक, म्हणजे वस्तीच्या आरोग्याला वा स्वास्थ्याला बाधक, असावा लागतो. त्रास एकाच घराचा असेल, तर मनाईहुकमासाठी दिवाणी न्यायालय गाठावे लागते.