लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरकडे : सालाझारच्या काळातला गोवा

गोव्याच्या सत्याग्रहाचा विषय पुण्यात निघाला की आपल्याला लगेच 1955 आठवतं. ना. ग. गोरे आणि सेनापती बापट यांची तुकडी 18 मे रोजी गोव्याच्या हद्दीत शिरली. त्यामागे गोवा विमोचन सहायक समितीचं पुण्यातलं काम होतं. हे आपण अभिमानानं सांगतो. पण त्याच दमात आणखी एक प्रश्न विचारला जातो, आम्हीही तो विचारलेला आहे : गोव्यातली माणसं इतकी वर्षं गप्प कशी बसली?

आता जरा तिथल्या एखाद्या घरात डोकावून बघा. मुलीचं लग्न ठरलंय. पत्रिका छापायचीय. तर तिचा मजकूर आधी सेन्सॉरला दाखवायचा! वर्तमानपत्राचं सोडूनच द्या. सभेला परवानगी लागायची. 18 जून 1946 ला मडगावात डॉ. लोहिया बोलायला उभे राहिले, त्याचं एवढं महत्त्व का, ते यावरून कळतं. आपल्याकडे रोज कोपऱ्याकोपऱ्यावर सभा होत होत्या हो.

आणि बोलण्याची किंमत? डॉ. पुंडलीक गायतोंडे हे म्हापशाचे शल्यविशारद. फेब्रुवारी 1954 मध्ये एका मेजवानीत गोवा हा पोर्तुगालचाच भाग असल्याचं कुणीतरी बोललं. डॉक्टरांनी तिथल्या तिथं निषेध नोंदवला. घोषणा नाही, पत्रक नाही, जेवणाच्या टेबलावरचे दोन शब्द. अटक करून त्यांना लिस्बनला पाठवलं. एका नामवंत डॉक्टरची ही गत, तर दुकानदारानं, शाळामास्तरानं काय धडा घेतला असेल? आमच्या मते त्या गप्प बसण्यात भित्रेपणापेक्षा हिशेब जास्त होता.

त्यात 1955 मध्ये भारतानं आर्थिक नाकेबंदी केली. रेल्वे थांबली. मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलाचे पैसे घरी पोचेनात. म्हणजे वरून सालाझार आणि बाहेरून आपण, अशी ती कोंडी. हे पुण्यात फारसं बोललं जात नाही. पुढे बटाटे हॉलंडहून यायला लागले, बाजारात परदेशी माल दिसू लागला, आणि काहींचं बरं चाललं हेही खरं. पोट भरलेला माणूसही पत्रिका सेन्सॉरकडे नेतच होता.

सालाझारनं ही व्यवस्था काही फक्त गोव्यासाठी बनवली नव्हती. खुद्द पोर्तुगीज माणूसही तिच्याखालीच राहत होता. गोवा 19 डिसेंबर 1961 ला सुटला; लिस्बनमध्ये ती राजवट 25 एप्रिल 1974 पर्यंत टिकली. मधल्या काळात तिथल्या तुरुंगात आपला एक माणूस होता, मोहन रानडे. गोव्यात मराठीचे शिक्षक म्हणून गेले, पुढे सशस्त्र लढ्यात उतरले, 1955 मध्ये पकडले गेले. गोवा मुक्त झाल्यावरही ते सात वर्षं कैदेतच होते. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके झटले. 1969 च्या जानेवारीत रानडे सुटले, आणि 2019 मध्ये वारले ते इथेच, पुण्यात.